घागरीचे पाचशे

चोपडा, ६ जानेवारी २०२५

श्रीमती यशोदाबाई यांस,

वर 'आई' लिहिणार होते. पण तो शब्द बघून तुम्ही पुढचं वाचलं नसतं, म्हणून गावातल्या कोणत्याही बाईला लिहावं तसं लिहिलं. माझा फोन तुम्ही उचलत नाही. भटूभाऊंना निरोप सांगितला तर ते हात जोडतात, "वहिनी, माले ह्या भानगडमा पाडू नका." माझा धाकटा दीर आणि तुमचाच मुलगा तो, पण तुमच्यापुढे त्याची बोबडी वळते हे आपल्या दोघींना माहीत आहे. म्हणून पत्र. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तुम्ही चुलीत घालत नाही, तेव्हा हेही वाचालच.

या महिन्यात भटूभाऊंनी तुम्हाला पेन्शन आणून दिली नसेल. सरकारकडून उशीर झालाय असं सांगितलं असेल. उशीर नाही. पैसे बंद झालेत. आणि खरं सांगायचं तर ते तुमच्या नावानं कधी सुरूच झाले नव्हते.

तुमचा थोरला, माझे पहिले यजमान नवीन, सूतगिरणीत कामावर असताना वारले आणि कामगार पेन्शन माझ्या नावानं सुरू झाली, ते तुम्हाला आठवत असेल. धुळ्याच्या ऑफिसात आपण दोघी मिळून गेलो होतो. तिथला चहा तुम्ही "हाऊ काय च्या शे? हाई ते पानी शे" म्हणून परत केला होता. तेव्हाच तिथल्या बाईनं सांगितलं होतं, सुनेनं दुसरं लग्न केलं तर तिची पेन्शन बंद होते आणि मुलाच्या विधवा आईला हक्क पोचतो. तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

भूषणशी लग्न झाल्यावर मी पहिलं काम तेच केलं. अर्ज दिला, लग्नाचा दाखला जोडला, माझी बंद करा आणि यशोदाबाईंच्या नावानं सुरू करा असं स्वच्छ लिहून दिलं. शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात पैसे परत माझ्याच खात्यात. पुन्हा धुळ्याला गेले. तेव्हाचा बाबू म्हणाला, "बदल व्हायला वेळ लागतो, तोवर येतंय ते येऊ द्या." असे किती हेलपाटे घातले, विचारू नका.

आता जे पैसे माझे नाहीत ते माझ्या खात्यात आले तर मी काय करायचं? तुमचे होते, तुम्हाला पोचवले. दर महिन्याला काढायचे आणि भटूभाऊ पिकअप घेऊन केळी भरायला आले की त्यांच्या हातात ठेवायचे. मी निघाले त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता, "जाय. पन आते तुना हातनं पानीबी माले चालाव नही." पाणी चालणार नाही तिथं पैसे कुठून चालणार? म्हणून भटूभाऊंनी सांगायचं ठरवलं, की सरकारनं आईच्या नावानं सुरू केलं. युक्ती त्यांची, पण हो मी म्हटलं. जवळजवळ तीन वर्षं असंच चाललं.

डिसेंबरात ऑफिसची नोटीस आली. पुनर्विवाहानंतर मला दिलेली सगळी पेन्शन 'अतिप्रदान' झालीय, म्हणजे जास्तीची दिली गेलीय, ती परत भरा. रक्कम तीन लाखाला थोडी कमी. नोटीस भूषणनी वाचली, घडी घातली आणि मला विचारलं, "आपण यातला एक रुपया तरी खाल्ला का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग घाबरतेस कशाला?" आणि मळ्यात निघून गेले. घाबरले मी आहेच. एवढे पैसे त्यांनाही केळी कापल्याशिवाय दिसत नाहीत.

तुमच्याकडून मला काही नको. पैसे का थांबले हे तुम्हाला कळायला हवं, एवढंच.

ज्योत्स्ना


चोपडा, २६ जानेवारी २०२५

श्रीमती यशोदाबाई यांस,

भटूभाऊ येऊन गेले. पत्र तुम्ही दोनदा वाचलंत, मग डाळीच्या डब्यात ठेवलंत आणि नंतर त्यांची चांगलीच खरडपट्टी काढलीत असं म्हणाले. बरं झालं. मला मात्र तुमचा काहीच निरोप नव्हता.

त्यांच्याबरोबर दोन हजार पाठवले होते, ब्लाउज शिवून आलेले, माझे स्वतःचे. ते तुम्ही परत पाठवलेत. मला राग आला, तो लपवत नाही. घरात तेल-मीठ लागतं. तुमच्या बीपीच्या गोळ्या संपल्या असतील. भटूभाऊंचा धंदा मला माहीत आहे, डिझेल आणि हप्ता गेला की त्यांच्या हातात काय उरतं ते मी रोज न बघताही सांगू शकते. पण तुमचा ताठा तुमच्यापाशी.

मी धुळ्याला जाऊन आले. जुना बाबू बदलून गेलाय. आता तिथं पुनम मॅडम आहेत, तिशीतली मुलगी, टेबलावर फायलींच्या मागे अर्धीच दिसते. मी पोच दाखवली. तिनं फाइल काढली. माझा अर्ज तिच्यात होता! दाखलाही होता, छान टाचणी लावून. फक्त पुढं कोणी काहीच केलं नव्हतं. मी म्हटलं, "बघा." ती म्हणाली, "बघितलं. चूक आमची आहे ताई. पण पैसे तुमच्या खात्यात आले."

मी म्हटलं, "आले आणि गेले. ज्यांचे होते त्यांना पोचवले."

"कसे पोचवले? चेक? ट्रान्सफर?"

"हातात."

"पावती?"

सांगा आता. घरातल्या घरात सासूला पैसे दिले तर कोणती सून पावती घेते? मी हे बोलले तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, पण तुम्ही आता त्या घरातल्या नाही ना." तिनं वाईट अर्थानं म्हटलं नाही. मला ते बसमध्ये चोपड्यापर्यंत टोचत राहिलं.

तिनं रस्ता सांगितला तो नीट लिहिते. माझ्या लग्नाच्या तारखेपासून पेन्शनचा हक्क तुमचा आहे. तुम्ही साहेबांसमोर येऊन सांगितलंत, की दर महिन्याचे पैसे मला मिळाले, तर ते तुमच्या हक्काचे तुम्हाला पोचले असं धरता येईल. मग माझ्याकडून वसुली नाही आणि पुढची पेन्शन तुमच्या खात्यात सुरू. तुम्ही आला नाहीत तर माझ्याकडून सगळं वसूल होणार, आणि तुमची पेन्शन नवा अर्ज, नवी चौकशी होऊन कधी सुरू होईल ते देव जाणे. मी विचारलं, माझ्या दिराचं चालेल का? नाही म्हणाली. ज्यांना मिळाले त्यांनीच सांगायला हवं.

म्हणजे मला काही नको असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते मागं घेते. मला हवंय. तुम्ही यायला हवंय.

ज्योत्स्ना


चोपडा, ३ मार्च २०२५

यशोदाबाई,

सुनावणी २० मार्चला, गुरुवारी, सकाळी. तुम्हालाही रजिस्टरनं पत्र आलं असेल. पोस्टमन तुमची सही घेऊनच गेला असणार, तेव्हा मिळालं नाही असं म्हणू नका.

मी महिन्याच्या वर वाट बघितली. भटूभाऊंना विचारलं, आई येणार का? ते म्हणतात, "काईच सांगत नही." चूल पेटवताना काही नाही, जेवताना काही नाही. मला तुमचं ते न बोलणं चांगलं ठाऊक आहे. नवीन गेल्यावर तुम्ही आठ दिवस तशाच होता आणि मी एकटीनं आल्यागेल्याला चहा करत होते. माझाही नवरा गेला होता, हे तेव्हा त्या घरात कोणाच्या लक्षात नव्हतं.

आता राग आलाच आहे तर बोलून घेते. नवीन गेल्यावर मी चार वर्षं सोनगीरला राहिले. तुमच्याबरोबर कापूस वेचला, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, पेन्शन आली की आधी तुमच्या हातात द्यायची आणि मग लागेल ते मागून घ्यायची. मग भूषणचं स्थळ आलं. मी चोरून काही केलं नाही. तुमच्यासमोर बसून विचारलं. तुम्ही जा म्हणालात आणि घरात जाऊन दार लावून घेतलंत. मी पिशवी घेऊन ओट्यावर उभी राहिले, वाटलं, निदान निरोप द्यायला बाहेर याल. एसटी आली तरी आला नाहीत. हे सगळं मी गिळलं. पण तीन लाख मला गिळता येणार नाहीत.

भूषणनी यंदा ठिबक बदलायला बाजूला टाकलेले पैसे काढायची तयारी केलीय. मला तोंडावर काही बोलत नाहीत. जुन्या नळ्यांना गाठी मारत बसतात, ते मला जास्त लागतं. काल म्हणाले, "त्या बाईंना गाडी पाठवू का?" मी नको म्हटलं. माझ्या नवऱ्याच्या गाडीत तुम्ही बसणार नाही, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

होळी झाली की आखाजीचे वेध. सगळ्या बाया माहेरी जायच्या गोष्टी करतात. माझे आईवडील दोघंही गेले, भाऊ सुरतला, त्याला आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हेही सांगावं लागतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुमच्या अंगणातला निंब बघून मी नवीनना म्हटलं होतं, इथंच झोका बांधा, मी माहेरी जात नाही. तुम्ही आतून ओरडलात, "झोका आंडेरकरता बांधतस, वहूकरता नही." लेकीसाठी झोका, सुनेसाठी नाही. खरंच होतं ते, रीतच तशी. तुम्हाला लेक नाही म्हणून त्या निंबाला कधी झोका लागला नाही. हे का लिहितेय मला माहीत नाही. विषय सुनावणीचा आहे.

या. माझ्यासाठी नको तर पेन्शनसाठी या. ती नवीनच्या जिवाची आहे.

ज्योत्स्ना


चोपडा, २१ मार्च २०२५

यशोदाबाई,

काल तुम्ही आलात. माझ्याशी बोलला नाहीत, बघितलं नाहीत आणि आतून बाहेर आल्यावर सरळ जिन्यानं खाली उतरून भटूभाऊंच्या गाडीत जाऊन बसलात. म्हणून कालचं बोलणं आज कागदावर.

मला साहेबांनी आधी बोलावलं होतं. माझं सांगणं लिहून घेतलं आणि बाहेर बसा म्हणाले. मग तुम्ही आत गेलात. दार तुम्ही नेहमीसारखं अर्धं उघडं टाकलंत आणि मी दाराशेजारच्या बाकावर होते. ऐकायचं नव्हतं असं म्हणणार नाही. कान देऊन ऐकलं.

साहेबांनी विचारलं, "आजी, दर महिन्याला पैसे मिळाले का तुम्हाला?"

"भेटनात. बठ्ठा भेटनात."

"कोण द्यायचं?"

"भटू आनी दे."

"कुठले म्हणून द्यायचा?"

"तो सांगे, सरकारना शेत."

सगळे मिळाले म्हणालात, तिथवर ठीक होतं. मला वाटलं सुटले. मग साहेब म्हणाले, "म्हणजे सुनेनं पाठवलेत, हे तुम्हाला आत्ता तिच्या पत्रावरून कळलं."

तुम्ही म्हणालात, "नही. माले पहिलीच आखाजीले समजनं."

बाकावर मी अर्धी उठले. साहेबांनी विचारलं, कसं काय?

"त्या महिनाले पाचशे जास्ती उनात. सरकारले काय माहीत, मना घर नवीननी घागर भरनी शे ते?"

आई, मी ते पाचशे घालताना एवढा विचारच केला नव्हता. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर आंबा, सांजोरी ठेवायची, चार माणसं जेवायला घालायची. पेन्शनमध्ये हे कसं बसणार, म्हणून माझ्याकडचे पाचशे त्या नोटांत घातले. दुसऱ्या वर्षी घातले, तिसऱ्या वर्षी घातले. सरकारच्या नावानं पैसे पाठवायचे तर सरकारएवढेच पाठवावेत, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. भटूभाऊंनाही नाही. आम्ही दोघं मोठे हुशार, तुमच्यापासून लपवत होतो.

पुनम मॅडम हसली ते मी ऐकलं. म्हणाली, "आजी, सरकार जास्ती देत नाही असं नका म्हणू. ही सगळी फाइलच सरकारनं जास्ती दिल्याची आहे." साहेबही हसले. तुम्ही हसला नसणार.

मग साहेबांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तर घेत का राहिलात? तुमचं तर बोलणं नव्हतं म्हणे."

"कसाले नही लेवाना? मना पोरना पैसा, मनी वहू धाडे. मी लिधा."

"तुमची सून म्हणजे, जिनं दुसरं लग्न केलं तीच ना?"

"तीच. भायेर बठेल शे ना ती."

एवढंच तुम्ही म्हणालात. मग अंगठा नको, सही करते म्हणालात आणि सही करायला चांगला वेळ घेतलात. मी तोवर तोंडाला पदर लावून जिन्याकडे बघत बसले, कारण शेजारी दोन माणसं होती.

आता भांडते. तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं! तीन वर्षं मी दर महिन्याला भटूभाऊंना विचारत होते, आई काही विचारतात का, संशय आला का, आणि तुम्ही तिकडे नोटा मोजून कमरेला लावत होता! एक शब्द पाठवला असता तर काय बिघडलं असतं? माझ्या हातचं पाणी चालत नाही म्हणालात, ती शपथ मोडायला नको म्हणून सरकारच्या आड बसलात. मीही बसले. तुमच्यासमोर यायची हिंमत नव्हती मला. सरकारनं चूक सुधारली असती तर आपला संबंध तेव्हाच संपला असता. म्हणजे त्या बाबूच्या आळसाचे उपकारच म्हणायचे.

माझे दोन हजार का परत केलेत तेही आता कळलं. ते नवीनचे नव्हते.

काल तुमचं पातळ नवं होतं. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय, ती बदलून घ्या.

ज्योत्स्ना


चोपडा, १७ एप्रिल २०२५

आई,

असंच लिहिते आता. नको असेल तर डाळीच्या डब्यात ठेवू नका, चुलीत घाला.

ऑफिसचा आदेश आला. माझ्याकडून वसुली रद्द. मला दिलेली रक्कम तुम्हाला तुमच्या हक्कापोटी मिळाली असं धरलंय. भूषणनी आदेश मोठ्यानं वाचला, मग ठिबकवाल्याला फोन केला. रात्री मला विचारतात, "त्या पाचशेंचं मला का नाही सांगितलं?" मला वाटलं आता चिडतात. म्हणाले, "सांगितलं असतं तर घागरीवर ठेवायला केळी दिली असती." असा माणूस आहे. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

तुमच्या जबाबात पैसे पेन्शनपेक्षा पंधराशे जास्त भरतात. पुनम मॅडमनी फोन करून विचारलं, याचं काय करू? मी म्हटलं, ते माझं अतिप्रदान, त्याची वसुली लावू नका.

आता ऐका, काय झालं ते. परवा माझ्या फोनवर मेसेज आला. जानेवारीपासून थांबलेली तुमची पेन्शन जमा झाली, सगळी एकदम. कुठे? माझ्या खात्यात! एवढी सुनावणी, एवढ्या सह्या, आणि परत माझंच खातं. मी तशीच एसटी पकडून धुळ्याला गेले. पुनम मॅडमनी मेसेज बघितला आणि कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "ताई, या वेळी कोणाच्या हातात देऊ नका हां." मी म्हटलं, "वेडी आहे का मी?" चलन भरून सगळे पैसे सरकारला परत केले आणि पावती घेतली. तिनं माझ्यासमोर माझं खातं काढून तुमचं घातलं. मी स्क्रीन फिरवून घेतली, एक एक आकडा वाचून बघितला. आठवड्यात तुमच्या पासबुकात दिसतील. भटूभाऊंना बँकेत पाठवा, नाही आले तर मला लगेच कळवा.

तर आता तुमचं माझ्याकडे काही राहिलं नाही आणि माझं तुमच्याकडे नाही. यापुढे भटूभाऊंना पैशासाठी माझ्या दारात थांबायचं कारण नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं. मला याच्यासाठीच एवढे हेलपाटे घालायचे होते, आणि झाल्यावर मशीनवर बसून रडले, हे खोटं कशाला बोलू. पाच तारीख आली की बँकेत जायचं, नोटा कोऱ्या मागून घ्यायच्या, तुम्हाला फाटकी नोट चालत नाही म्हणून. ते आता करायचं नाही.

घागरीचं या वर्षी तुमचं तुम्ही बघा. सरकारच्या पैशात पाचशे घालायला आता मला जागा नाही.

गोळ्या वेळेवर घ्या.

ज्योत्स्ना


चोपडा, २८ एप्रिल २०२५

आई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातात देईन. पण नीट सांगायला मला कागदच लागतो, तेव्हा भटूभाऊ चहा पितायत तोवर लिहिते.

ते मघाशी आले. पिकअप दारात लावली. मला वाटलं, केळी भरायला आले असतील, जाता जाता थांबले. मी आतूनच म्हटलं, "भाऊ, पैसे आता आईंच्या खात्यात जातात, माझ्याकडे काही नाही." ते उंबऱ्यात उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "पैसा लेवाले नही उनू, वहिनी. तुमले लेवाले उनू. मुराळी शे मी."

मी विचारलं, कोणाचा मुराळी?

"आईनी धाडं. आखाजीले."

मुराळी माहेरून येतो, लेकीला न्यायला. हे त्यांनाही माहीत आहे आणि तुम्हालाही. मी भूषणकडे बघितलं. ते मळ्यातून आलेच होते. त्यांनी भटूभाऊंना बसायला पाट दिला आणि मला म्हणाले, "बघत काय बसलीस? पिशवी भर." मग स्वतः जाऊन केळीचा चांगला घड उतरवून आणला, घागरीसाठी म्हणून. तो तुम्हाला घ्यावा लागेल. नाही म्हणायचं नाही.

माझी एकच शंका होती, ती भटूभाऊंना विचारली. आईंना माझ्या हातचं पाणी चालत नाही, मग मी तिथं जाऊन काय करू? ते म्हणाले, तसं त्यांनीही तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तीन साल तिना हातना पैसावर पोट भरं. आते पानीनं काय लई बसनास?"

पिशवी भरून झाली. दोन पातळं, आणि तुमच्या चष्म्याला नवी काडी घेतलीय, मापाची आहे का बघू. भटूभाऊ गाडी वळवतायत. चहा संपवून उठले तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, गाडी रिकामी का आणलीत, केळी नाही भरली? ते म्हणाले, नाही, आज दुसरं काही भरायचं नाही असं आईनं सांगितलंय. आणि म्हणाले, लवकर चला, काल दिवसभर आईनं मला झाडावर चढवलं होतं.

"निंबले झोका बांधेल शे."

निघते.

ज्योत्स्ना